पिशवी-पद्धतीने घरगुती बिअर : भांड्याची क्षमता व पाण्याचे गणित

प्रस्तावना : धान्यापासून बिअर करण्याच्या रूढ पद्धतीत पाणी तापविणे, माल्ट भिजविणे व अर्क उकळणे यांसाठी स्वतंत्र भांडी लागतात. ऑस्ट्रेलियातील हौशी मंडळींनी २००० नंतरच्या दशकात ही कामे एकाच भांड्यात आणली. भरडलेले माल्ट जाळीदार कापडी पिशवीतून सुमारे ६६ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवतात; नंतर पिशवी उचलून गोड अर्क हॉप्ससह उकळतात.

विवेचन : उपकरणे घटली, तरी भांड्याचा आकार निर्णायक ठरतो. किण्वनासाठी २० लिटर अर्क व त्याकरिता ५ किलो माल्ट गृहीत धरल्यास, तासभराच्या उकळीत ४ लिटर वाफ होते, २ लिटर गाळासोबत राहतात आणि पिळलेले माल्ट प्रतिकिलो ०.६ लिटरप्रमाणे ३ लिटर शोषते. अर्थात आरंभी २९ लिटर पाणी हवे. माल्ट स्वतः प्रतिकिलो सुमारे ०.६७ लिटर जागा व्यापत असल्याने एकूण आकारमान ३२ लिटरांपुढे जाते. यास्तव ३० लिटरचे भांडे उतू जाईल. ४० लिटरचे पुरेसे होय. भांडे लहानच असल्यास ४-५ लिटर पाणी राखून ते उचललेल्या पिशवीवरून ओतावे. वाफेचे प्रमाण भांड्याच्या रुंदीनुसार व आचेनुसार बदलते. ते प्रत्यक्ष मोजणे इष्ट. भिजलेली पिशवी ८ किलोंहून जड व कढत असते. तिच्यासाठी भक्कम शिवण व कप्पी आवश्यक आहे.

निष्कर्ष : या पद्धतीतील काटकसर भांड्यांच्या संख्येत आहे, क्षमतेत नाही. म्हणून खरेदीपूर्वी आकारमानाचे गणित मांडणे हीच भाजण्याच्या अपघातापासूनची पहिली खबरदारी ठरते.