ग्राफिक्स कार्डचे सुटलेले सांधे

ग्राफिक्स कार्डावरचे सोल्डरचे सांधे तीन ठिकाणी असतात. वीजजोडणीचे सॉकेट, मोठे कॅपॅसिटर, एचडीएमआयचे पोर्ट यांचे सांधे उघड्यावर असतात. ते डोळ्यांना दिसतात आणि सोल्डरिंग आयर्नचे टोक तिथे पोचते. मुख्य चिप आणि तिच्याभोवतीच्या मेमरी चिपा पोटाखालच्या सोल्डरच्या बारीक गोळ्यांवर बसवलेल्या असतात. या रचनेला बीजीए म्हणतात. मोठ्या चिपेखाली अशा हजाराहून अधिक गोळ्या असतात आणि त्यांतली एक तडकली तरी कार्ड बंद पडू शकते. तिसरे ठिकाण चिपेच्या आतच आहे. सिलिकॉनचा चकचकीत तुकडा त्याच्या खालच्या लहान पाटीला याहूनही सूक्ष्म टेंगळांनी जोडलेला असतो. बिघाड या तिन्हींपैकी कुठे आहे, यावर घरची दुरुस्ती शक्य की अशक्य हे ठरते. म्हणून आयर्न तापवण्याआधी बिघाडाची जागा शोधणे महत्त्वाचे.

सांधे तडकतात ते मुख्यतः तापण्यामुळे आणि थंड होण्यामुळे. तापमान एक अंश वाढले की सिलिकॉन दहा लाखांत सुमारे 3 भाग प्रसरण पावते, तर बोर्ड 14 ते 17 भाग. खेळ सुरू झाला की चिप तापते, बंद केला की निवते, आणि दर वेळी मधल्या सोल्डरला ही ओढाताण सोसावी लागते. जुने सोल्डर 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसे यांचे असे व ते 183 अंश सेल्सिअसला वितळे. युरोपीय संघाने 1 जुलै 2006 पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर निर्बंध आणले आणि जगभरचे कारखाने कथील, चांदी, तांबे यांच्या मिश्रणाकडे वळले. ते 217 अंशांच्या आसपास वितळते आणि जुन्यापेक्षा ताठर असते. मात्र त्या काळातल्या सगळ्याच बिघाडांचे खापर त्याच्यावर फोडणे बरोबर नाही. जुलै 2008 मध्ये एनव्हिडियाने सदोष चिपांपोटी 15 ते 20 कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली, तेव्हा दोष चिपेच्या आवरणातल्या साहित्याचा, म्हणजे तिसऱ्या ठिकाणचा होता.

कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचा उपाय त्याच सुमारास लोकप्रिय झाला. साधारण 200 अंशांवर आठ-दहा मिनिटे कार्ड ठेवायचे, आणि ते खरोखरच चालू व्हायचे. पण 200 अंशांना बिनशिशाच्या गोळ्या वितळतच नाहीत. उष्णतेने चिपेच्या आतली तडकलेली टेंगळे काही काळ पुन्हा टेकतात, एवढेच घडते. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी कार्ड परत बंद पडते. दरम्यान 105 अंशांसाठी बनवलेले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर फुगतात, प्लॅस्टिकची सॉकेटे वाकतात आणि फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट पसरावे म्हणून लावलेल्या राळयुक्त पदार्थाचा, धूर ओव्हनच्या भिंतींवर बसतो. ज्या ओव्हनमध्ये अन्न शिजते त्यात कार्ड कधीही ठेवू नये.

पडद्यावर रंगीत चौकटी उमटणे, चित्र न येणे, विंडोजने 'कोड 43' दाखवणे ही लक्षणे सोल्डरशिवाय इतर कारणांनीही दिसतात. म्हणून कार्ड आधी दुसऱ्या संगणकात, दुसऱ्या पॉवर सप्लायवर आणि दुसऱ्या केबलने तपासावे. वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रूला हातही लावू नये. ती संपलेली असेल तर त्यानंतर भिंगातून सांधे पाहावेत. बिनशिशाचा सांधा मुळातच मंद, दाणेदार दिसतो, तेव्हा मंदपणा म्हणजे बिघाड नव्हे. पिनेभोवती गोल चीर दिसली किंवा सॉकेट हलवल्यावर पिन हलली, तर तिथे ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न जोडलेला सांधा, आहे. जड कार्ड वर्षानुवर्षे आडवे लटकल्यावर खाचेजवळ बोर्डच तडकतो. त्यात आतल्या तांब्याच्या वाटा तुटलेल्या असतात आणि ते काम सोल्डरने भागत नाही.

घरी नीट करता येण्याजोगी दुरुस्ती म्हणजे वीजजोडणीच्या सॉकेटची. तिथे अडचण येते ती बोर्डाची. कार्डाच्या बोर्डात तांब्याचे अनेक थर असतात आणि ग्राउंडच्या पिना त्यांना जोडलेल्या असल्याने आयर्नची उष्णता तिथे झिरपून जाते. घरोघरी असणारे 25 वॉटचे आयर्न वरचे सोल्डर वितळवते, पण भोकाच्या आत ते थंडच राहते. म्हणजे एक ड्राय सोल्डर जाऊन दुसरे तयार होते. तापमान नेमता येणारे 60 वॉट किंवा अधिक क्षमतेचे आयर्न, रुंद टोक आणि 350 ते 380 अंश लागतात. बोर्ड खालून आधी शंभरेक अंशांपर्यंत तापवला तर काम कितीतरी सोपे होते. फ्लक्स लावून जुन्या सांध्यात थोडे शिशाचे सोल्डर मिसळावे. मिश्रण कमी तापमानाला वितळते आणि विकने (तांब्याच्या वेणीने) किंवा पंपाने ओढून घेता येते. मग भोक नव्या सोल्डरने भरावे, ते पलीकडच्या बाजूला दिसेपर्यंत. काही सेकंदांत सोल्डर वितळले नाही तर थांबून बोर्ड आणखी तापवावा. जोर लावला की पॅड (भोकाभोवतीची तांब्याची चकती) उखडते, आणि उखडलेले पॅड ही मूळ बिघाडाहून मोठी आपत्ती.

शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने फ्लक्स पुसून मल्टीमीटर लावावा. आठ पिनांच्या सॉकेटमध्ये तीन पिना 12 व्होल्टच्या, तीन ग्राउंडच्या आणि दोन केबल ओळखण्याच्या (सेन्स) असतात. 12 व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात बीप कायम वाजत राहिला तर कार्ड संगणकात लावू नये. मुख्य चिपेच्या पुरवठ्यावर मात्र बीप ऐकून घाबरू नये. मोठ्या चिपांचा तिथला रोध मुळातच एक ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असू शकतो. काम खिडकी उघडी ठेवून करावे, कारण राळेच्या धुराने दमा बळावतो. शिसे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये, आणि मुलांना त्या टेबलापासून दूर ठेवावे.

बीजीएचे काम घरचे नाही. चिप उचलून, जुने सोल्डर काढून, जाळीतून नव्या गोळ्या बसवून बोर्ड खालून-वरून एकसारखा तापवावा लागतो. सांध्याचे कमाल तापमान 235 ते 245 अंश, आणि सोल्डर वितळलेले राहण्याचा काळ मिनिट-दीड मिनिटच. शिवाय चिपेच्या आवरणात हवेतला ओलावा मुरतो आणि एकदम तापवल्यावर वाफ होऊन ते आतून फाटते. त्यामुळे चिप आधी 125 अंशांवर कित्येक तास सुकवावी लागते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हे टाळणे म्हणजे चिप घालवणे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात असे काम टाकताना ग्राहकाने दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: नव्या गोळ्या घालून रिबॉलिंग करणार का, आणि चिप आतून गेलेली निघाली तर ती बदलणार का. नुसती गरम हवा मारून चालू केलेल्या कार्डाचे पैसे देऊ नयेत.