वास नाही, धूर नाही, मग बिघडले कुठे?

उन्हाळ्याचे दिवस होते. सांगलीत दुपारी पारा चाळिशी ओलांडत होता. वडिलांच्या खोलीतील जुने वातानुकूलन यंत्र, ज्याला आपण सारे एसीच म्हणतो, नुसताच वारा फेकू लागले. म्हणून दुरुस्तीसाठी कारागीर बोलावला. आला तो माझाच जुना विद्यार्थी निघाला. बाहेरची पेटी तपासून तो म्हणाला, "सर, गॅस कमी झालाय. कुठंतरी गळती आहे. उरलेला सोडून देतो, जोड पक्का करतो आणि नवा भरतो."

मी "थांब" म्हणेपर्यंत त्याचा पाना फिरला होता. 'फुस्स' असा आवाज झाला. मी घाईघाईने त्याला झडप बंद करायला लावली.

तो आश्चर्याने म्हणाला, "सर, याला वास नाही, धूर नाही, आग लागत नाही. मग बिघडलं कुठं?"

विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न मोठा मार्मिक आहे. या वायूचे हेच तर गुण! आणि गंमत अशी की, याच गुणांनी आपल्याला अडचणीत आणले आहे. ते कसे, हे आपण पाहू.

माठापासून एसीपर्यंत

माठातील पाणी गार का होते, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. माठातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेते. ही झाली बाष्पीभवनाची सुप्त उष्णता. एसीचे कामही याच तत्त्वावर चालते. फरक एवढाच की, माठातील वाफ हवेत निघून जाते, तर एसीतील वाफ नळ्यांमध्ये कोंडलेली असते आणि तिचेच पुन्हा पुन्हा द्रव करून घेतले जाते.

या फिरत्या पदार्थाला प्रशीतक म्हणतात. खोलीतील नळ्यांमध्ये तो कमी दाबाखाली उकळतो आणि खोलीची उष्णता शोषून घेतो. मग संपीडक, म्हणजेच कॉम्प्रेसर, त्याची वाफ दाबून तापवतो. बाहेरच्या पेटीत ती उष्णता हवेला देऊन वाफेचे पुन्हा द्रव होते. थोडक्यात, एसी थंडी निर्माण करीत नाही. तो घरातली उष्णता उचलून अंगणात नेऊन टाकतो, एखाद्या हमालासारखा!

हाच हमाल उलट दिशेने चालवला की त्याला उष्मापंप म्हणतात. महाबळेश्वरच्या कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या हवेतील उष्णता उचलून आंघोळीचे पाणी तापवता येईल. विजेचे एक युनिट खर्चून सुमारे तीन युनिटांइतकी उष्णता मिळते, कारण आपण उष्णता बनवीत नसून वाहून आणीत असतो. मात्र एसी असो वा उष्मापंप, दोघांनाही प्रशीतक लागतोच.

मेणबत्ती विझवणारा वायू

सुरुवातीच्या काळातील शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असे पदार्थ वापरीत. ते विषारी होते, काही पेट घेणारेही होते. घरात नळी फुटली तर जिवावर बेतायचे. म्हणून १९२८ साली अमेरिकेत टॉमस मिज्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्धोक प्रशीतकाचा शोध सुरू केला. त्यातून क्लोरीन आणि फ्लुओरीन असलेली कार्बनी संयुगे पुढे आली. १९३० साली मिज्ली यांनी सभेत सर्वांसमोर हा वायू छातीत भरून घेतला आणि हलकेच फुंकर घालून मेणबत्ती विझवली. वायू विषारी नाही आणि जळतही नाही, हे एका फुंकरीत सिद्ध झाले.

पण 'कशाशीच संयोग पावत नाही' याचा दुसरा अर्थ 'लवकर नाहीसाही होत नाही' असा होतो. हे वायू वर्षानुवर्षे हवेत टिकून हळूहळू स्थितांबरात पोचतात. तेथे अतिनील किरणांनी त्यांच्यातील क्लोरीन सुटा होतो आणि ओझोनचा नाश करतो. हा धोका मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ साली दाखवून दिला. १९८५ साली अंटार्क्टिकावरील ओझोनचा ऱ्हास उघडकीला आला आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला.

माझ्या घरच्या जुन्या एसीत होता तो आर-२२. त्याने ओझोनला होणारा अपाय आधीच्या वायूंच्या मानाने बराच कमी, पण शून्य नव्हे. म्हणून पुढे क्लोरीन अजिबात नसलेले आर-१३४ए, आर-४१०ए असे प्रशीतक आले. ओझोन वाचला. पण हिशेबाची एक ओळ राहून गेली होती.

एक किलो गॅस आणि पृथ्वीप्रदक्षिणा

तापलेल्या जमिनीतून अवरक्त किरण बाहेर पडतात. त्यांच्या काही तरंगलांबींना वातावरण जवळजवळ अडवीतच नाही. जणू घराची ती उघडी खिडकी! कार्बन आणि फ्लुओरीन यांचा बंध नेमके याच खिडकीतून जाणारे किरण शोषतो. म्हणून असा वायू थोडा असला तरी खिडकीवर घोंगडे टाकल्यासारखा परिणाम होतो.

हा परिणाम मोजण्याची रीत अशी. एक किलो कार्बन डायऑक्साइड १०० वर्षांत पृथ्वीवर जेवढी उष्णता अडवून ठेवील, तिला १ मानायचे आणि इतर वायूंची तिच्याशी तुलना करायची. या आकड्याला आपण तापवृद्धी-क्षमता म्हणू. आर-२२ ची ही क्षमता सुमारे १८०० आहे, आर-४१०ए ची सुमारे २१००, आर-३२ ची सुमारे ६७५, तर प्रोपेनची फार तर ३.

आता वही-पेन्सिल घ्या. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एक किलो आर-२२ हवेत सोडणे हे १८०० भागिले २.३, म्हणजे सुमारे ७८० लिटर पेट्रोल जाळण्यासारखे झाले. लिटरला ५० किलोमीटर जाणारी मोटारसायकल तेवढ्यावर ३९,००० किलोमीटर धावेल. सांगलीहून साताऱ्याला तीनशेहून अधिक खेपा होतील. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ एक पृथ्वीप्रदक्षिणाच! वास नाही, धूर नाही. पण बिघडले ते इथे.

म्हणून ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातील किगाली येथे माँट्रियल कराराला दुरुस्ती जोडण्यात आली. भारताने तिला २०२१ साली मान्यता दिली. त्यानुसार आपल्याला या नव्या वायूंचा वापर २०२८ साली गोठवायचा आहे आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटवीत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करायचा आहे. आज नववीत असलेला विद्यार्थी तेव्हा चाळिशीच्या आत असेल. हे काम तुमच्याच पिढीचे आहे.

उमेदवारांची परीक्षा

मग जुन्या प्रशीतकाच्या जागी कोणाला बसवायचे? एकेकाची परीक्षा घेऊ.

पहिला उमेदवार कार्बन डायऑक्साइड. क्षमता केवळ १. विषारी नाही, जळत नाही. पण त्याचे क्रांतिक तापमान ३१ अंश सेल्सियस आहे. त्याच्या वर कितीही दाब दिला तरी त्याचे द्रव होत नाही. सांगलीच्या ४० अंशांच्या दुपारी बाहेरच्या पेटीत द्रव बनणार कसे? वेगळ्या रीतीने, शंभर वातावरणांच्या आसपासच्या दाबाखाली, त्याच्याकडून काम करून घेता येते. पण उन्हाळ्यात त्यासाठी वीज अधिक लागते.

दुसरा उमेदवार अमोनिया. त्याची तापवृद्धी-क्षमता शून्य आणि सुप्त उष्णता भरपूर, किलोला सुमारे १३७० किलोज्यूल. तासगाव-मिरज भागात बेदाण्याची कोल्ड स्टोरेजेस तुम्ही पाहिली असतील. द्राक्षे सुकवून केलेला बेदाणा रंग टिकावा म्हणून तेथे थंडाव्यात ठेवतात. अशा मोठ्या शीतगृहांत आपल्याकडे बहुधा अमोनियाच वापरतात. गळती झाली तर त्याचा उग्र दर्प आधीच सावध करतो. मात्र तो विषारी आहे आणि ओलसर असेल तर तांबे खातो. म्हणून तेथे पोलादी नळ्या आणि शिकलेली माणसे असतात. झोपण्याच्या खोलीत हा पाहुणा नको.

तिसरा उमेदवार कृत्रिमच, पण अल्पायुषी असे नवे फ्लुओरीनयुक्त वायू. त्यांतील काहींची क्षमता १ पेक्षाही कमी असते. पण आर-१२३४वायएफ सारखा वायू विघटित झाला की ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल बनते आणि ते पाण्यात दीर्घकाळ टिकते. पुन्हा तोच धडा!

चौथा उमेदवार आपल्या ओळखीचा आहे. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये असणारा प्रोपेन, प्रशीतकांच्या भाषेत आर-२९०. त्याचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश आणि आर-२२ चा उणे ४१. जणू जुळे भाऊ! आणि या प्रयोगासाठी दूर जायला नको. सांगलीहून पुण्याला निघालात की कराड, सातारा मागे पडतात, खंबाटकी ओलांडला की शिरवळ लागते. सातारा जिल्हा तेथे नीरा नदीपाशी संपतो. शिरवळच्या गोदरेज कारखान्यात जर्मनीच्या जीआयझेड या संस्थेच्या सहकार्याने प्रोपेनवर चालणारे घरगुती एसी बनवण्याची सोय झाली आणि २०१२ साली ते बाजारात आले. बड्या देशांतही त्या वेळी असे एसी दुर्मीळ होते.

खोलीत प्रोपेन?

तुम्ही लगेच विचाराल, "पण तो पेट घेतो ना?" घेतो. म्हणूनच आकडेमोड करू.

खोली ३ मीटर रुंद, ३.५ मीटर लांब, ३ मीटर उंच, घनफळ ३१.५ घनमीटर. प्रोपेन हवेत घनमीटरला सुमारे ३८ ग्रॅम झाला तरच पेटू शकतो. म्हणजे ही खोली पेटण्याजोगी व्हायला जवळजवळ १२०० ग्रॅम प्रोपेन हवा. एसीत तो असतो साधारण ३०० ग्रॅम, म्हणजे त्याच्या एक चतुर्थांश. घरातल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, हेही ध्यानात घ्या.

पण थांबा! या हिशेबात आपण गॅस खोलीभर सारखा पसरला असे धरले. प्रोपेनचा रेणुभार ४४, हवेचा सरासरी २९. तो जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. तेथे त्याचे प्रमाण कितीतरी वाढेल. म्हणून अशा यंत्रात गॅस कमीत कमी ठेवावा लागतो, ठिणगी उडेल असा भाग त्याच्या वाटेत येऊ द्यायचा नसतो आणि किती आकाराच्या खोलीत यंत्र लावावे याचा नियम पाळावा लागतो. जुन्या आर-२२ च्या एसीत प्रोपेन किंवा स्वयंपाकाचा गॅस भरण्याचा उद्योग कोणी सुचवला, तर त्याला साफ नकार द्या. ते यंत्र त्यासाठी घडवलेलेच नसते.

विजेचे बिलही धरा

हिशेबाला दुसरा रकानाही आहे, विजेचा. एसी दिवसाला ८ युनिटे खातो आणि वर्षाला १२० दिवस चालतो असे धरू. वर्षाची ९६० युनिटे झाली. आपल्या देशात एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे दहा वर्षांत सुमारे ६.७ टन. याउलट १.२ किलो आर-४१०ए पूर्ण गळला तर २.५ टन, ०.९ किलो आर-३२ गळला तर ०.६ टन आणि ३०० ग्रॅम प्रोपेन गळला तर जेमतेम एक किलो! पण जो एसी दहा टक्के वीज वाचवतो, तोही दहा वर्षांत ०.६७ टन वाचवतो. म्हणून नुसता प्रशीतक पाहून भागत नाही. यंत्रावरचे तारेही मोजावे लागतात.

माझा निर्णय

आमच्या जुन्या एसीची नळी गंजून चाळण झाली होती. नवा घेणे भाग होते. कागदावर प्रोपेन पहिला आला. पण माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, आर-३२ चं काम मी शिकलोय. प्रोपेनचं नाही शिकलो." त्याच्या या प्रामाणिकपणाचे मला कौतुक वाटले. आर-३२ सुद्धा पेटू शकतो, पण त्याला घनमीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास प्रमाण लागते. मी पाच ताऱ्यांचा, आर-३२ चा एसी घेतला. हा मुक्काम नव्हे, वाटेतला थांबा आहे, हे मला ठाऊक आहे. हाताळणारा हात शिकलेला नसेल, तर उत्तम प्रशीतकही उत्तम राहत नाही.

मात्र एक अट मी घातली. जुना गॅस हवेत सोडायचा नाही. त्याने ओळखीच्या दुकानातून गॅस खेचून घेणारे यंत्र आणि रिकामा सिलिंडर आणला. काम झाल्यावर सिलिंडर काट्यावर ठेवला. ६०० ग्रॅम भरले. मी त्यालाच गणित घातले. खिशातल्या पेन्सिलीने त्याने पुठ्ठ्यावर मांडले: ०.६ गुणिले १८००, म्हणजे १०८० किलो कार्बन डायऑक्साइड.

थोडा वेळ तो आकड्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, आजवर मी किती एसी असे उघडले असतील!"

मित्रांनो, आता तुमचे काम. घरातल्या फ्रीजच्या मागची आणि एसीच्या बाहेरच्या पेटीवरची पट्टी वाचा. तेथे प्रशीतकाचे नाव आणि वजन लिहिलेले असते. यंत्र उघडू मात्र नका, नुसते वाचा. फ्रीजवर आर-६००ए असेल तर तो आयसोब्युटेन, प्रोपेनचाच भाऊबंद. आर-१३४ए असेल तर त्याची तापवृद्धी-क्षमता सुमारे १४३० धरा. वर्गातील सर्वांचे आकडे फळ्यावर मांडा, क्षमतेने गुणा आणि बेरीज करा. तुमच्या वर्गाच्या घरोघरी किती पृथ्वीप्रदक्षिणा नळ्यांमध्ये कोंडलेल्या आहेत ते कळेल. त्या तशाच कोंडलेल्या राहाव्यात, हे पाहणे तुमच्या हाती आहे.