जवारी गायकालाही यायला हवी

कोल्हापूरच्या संगीताचा इतिहास सांगताना गायकांची नावे आधी ओठांवर येतात. १८८३ साली गायन समाज देवल क्लब सुरू झाला, १८९५ मध्ये अल्लादिया खाँ राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि पुढे केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशा शिष्यांनी त्यांची गायकी देशभर नेली. इचलकरंजीच्या बाळकृष्णबुवांनी याच मुलखात ग्वाल्हेर गायकी रुजवली. कुरुंदवाडला जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडेच मिरजेत शिकले, आणि १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँही मिरजेत स्थायिक झाले. या सगळ्यांच्या मागे तंबोरा वाजत होता, आणि तो कोल्हापूरपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर, मिरजेतच घडत होता. घराण्यांच्या इतिहासात वाद्य घडवणाऱ्याला मात्र तळटीपेपलीकडे जागा मिळाली नाही. माझ्या मते ही चूक इतिहासापुरती राहिलेली नाही. आपल्या संगीतशिक्षणातही ती उतरली आहे. गाणे शिकणारा विद्यार्थी तंबोरा छेडायला शिकतो, फार तर तो जुळवायला शिकतो. पण तो बोलतो कशामुळे, हे त्याला कुणी शिकवत नाही.

मिरजेतले वाद्य घडवणारे मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, तलवारीचे काम ओसरल्यावर, फरीदसाहेब शिकलगारांसारखे कारागीर वाद्यांकडे वळले आणि पटवर्धन संस्थानिकांनी त्यांना आश्रय दिला. पंढरपूरकडच्या भागातून येणारा मोठा कडू भोपळा महिनोन्‌महिने वाळवायचा, कापून आतून साफ करायचा, तुणीच्या लाकडाचा गळा आणि दांडी त्याला जोडायची, वर तबली बसवायची, नक्षी कोरायची, लाखेचे पॉलिश द्यायचे. पाहणाऱ्याला हे सारे सुतारकाम वाटते, आणि इथवर ते बऱ्याच अंशी तसे असतेही. खरा प्रश्न त्यानंतर येतो. तबलीवर घोडी बसते, तिच्यावरून चार तारा जातात, आणि घोडीच्या माथ्याला किती उतार द्यायचा हे हातातल्या कानशीने ठरवावे लागते. तिथे मोजपट्टी चालत नाही, कानच लागतो.

या उतारालाच आपण जवारी म्हणतो. तार छेडली की ती घोडीच्या माथ्याला हलकेच घासत कंप पावते. त्या स्पर्शामुळे मूळ स्वरातून वरचे स्वयंभू स्वर एकामागून एक उमलतात. खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो तो यामुळेच. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली वीणा आणि तंबोऱ्यावर लिहिलेल्या निबंधात एक विलक्षण गोष्ट नोंदवली. तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथे ज्या उपस्वरांचे कंपन शून्य असते, ते सामान्य नियमानुसार ऐकू येऊ नयेत. तंबोऱ्यात मात्र तेही स्पष्ट ऐकू येतात, आणि त्याचे कारण घोडीचा वक्र माथा. तारेखाली सरकवलेला दोरा हा परिणाम नेमका जागेवर आणतो. केसभर पुढे-मागे झाला तर तार मुकी होते किंवा नुसती झणझणते. गाणाऱ्याची पट्टी बदलली, तारेची जाडी बदलली, की जवारीचे गणितही बदलते. आणि तारांनी घोडीवर घळी पाडल्या की जवारी नव्याने काढावी लागते. म्हणजे एकदा बनवून दिले आणि काम संपले, असे हे वाद्यच नाही. गायकाच्या गळ्याशी त्याला वारंवार जुळवून घ्यावे लागते. ज्याला खुली आणि बंद जवारी यांतला फरक कळतो, त्याला षड्ज कळतो, असे मी म्हणेन. मग ही विद्या स्वरसाधनेच्या बाहेरची कशी?

यावर पहिला आक्षेप सोयीचा आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला, आता तो मोबाइलवरही आला आहे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याने पाच फुटी वाद्य कुठे ठेवावे? अडचण खरी आहे, आणि घरच्या रियाजाला ते यंत्र वापरण्यात काही गैर नाही. पण यंत्राचा सूर जुळवायला कान तयार असावा लागत नाही. बटण पट्टी ठरवते. चार तारा स्वतः जुळवताना, मणी सरकवताना, जोड एकमेकांत विरघळेपर्यंत जे ऐकणे घडते, तेच या शिक्षणाचे मर्म आहे. घरी जागा नसेल, तर विद्यालयात तरी ते घडायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ही कला पिढीजात असल्यामुळे ती वर्गात शिकवता येणार नाही, आणि शिकवली तर कारागिराच्या पोटावर पाय येईल. पूर्ण तंबोरा घडवणे वर्गात शिकवता येणार नाही, हे मान्य. पण दोरा लावणे, तारा चढवणे, घोडी झिजली आहे हे ओळखणे यासाठी पिढ्या लागत नाहीत. अब्दुल करीम खाँ स्वतः वाद्यदुरुस्तीत तरबेज होते, त्यामुळे मिरजेच्या कारागिरांचे काम कमी झाले नाही. पारखी गायक समोर असला की कारागिरालाही अधिक नेटके काम करावे लागते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद मोठाच आहे. मात्र मानांकन नावाचे रक्षण करते. चांगली आणि सुमार जवारी यांतला फरक ओळखणारे गिऱ्हाईक ते तयार करत नाही. ते काम शिक्षणाचे आहे. शिवाजी विद्यापीठात संगीताचा विभाग आहे, देवल क्लब आहे, आणि अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ तर मिरजेतच आहे. या संस्थांनी मिरजेच्या कारागिराला मानधन देऊन गुरू म्हणून वर्गात बोलवावे आणि गायनाच्या परीक्षेत, तानांच्या आधी, तंबोरा जुळवण्याला व जवारी पारखण्याला गुण ठेवावेत.