ताम्र पेप्टाइड

ताम्र पेप्टाइड म्हणजे ॲमिनो आम्लांची लहान साखळी आणि तांब्याचा आयन यांच्या बंधातून तयार होणारे संयुग. त्वचेच्या जीवशास्त्रात हे नाव बहुधा एकाच संयुगासाठी वापरले जाते. त्यात ग्लायसिन, हिस्टिडिन आणि लायसिन या तीन ॲमिनो आम्लांच्या साखळीने तांबे धरून ठेवलेले असते. ॲमिनो आम्लांच्या एकाक्षरी संकेतांवरून या साखळीला जीएचके, तर संयुगाला जीएचके-सीयू म्हणतात. हे संयुग निळ्या रंगाचे असून पाण्यात विरघळते. जखमा भरून येण्याच्या संशोधनातून पुढे आलेला हा पदार्थ आज मुख्यतः सौंदर्यप्रसाधनांत आढळतो.

शोध

जीएचकेचा शोध त्वचेच्या नव्हे, तर यकृताच्या अभ्यासातून लागला. अमेरिकेतील लॉरेन पिकार्ट आणि एम. एम. थेलर यांनी १९७३ मध्ये मानवी रक्तातील अशा एका पेप्टाइडाचे वर्णन केले, ज्याच्या सान्निध्यात यकृताच्या पेशी प्रयोगपात्रात अधिक काळ जगत. हे पेप्टाइड पेशींना तांबे मिळवून देत असावे, अशी मांडणी १९८० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात पिकार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली.

त्वचेतील तांब्याचे कार्य

त्वचेला बळकटी देणारे कोलॅजेन आणि लवचिकता देणारे इलॅस्टिन यांचे तंतू एकमेकांना जोडले गेल्यावरच टिकाऊ होतात. ही जोडणी लायसिल ऑक्सिडेज या विकरामुळे सुरू होते आणि त्या विकराला तांबे लागते. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार करणारे टायरोसिनेज हे विकरही तांब्यावरच अवलंबून असते. मेंकेस रोग या आनुवंशिक विकारात तांब्याचे वहन बिघडते. अशा बालकांची त्वचा सैल व केस ठिसूळ, पिळलेले असतात.

प्रयोगशाळेतील निष्कर्ष

फ्रान्समधील रँस येथे फ्रांस्वा-झ्याव्हिए माकार व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयाचा पाया मानला जातो. कोलॅजेन तयार करणाऱ्या तंतुजनक पेशींना जीएचके-सीयू दिल्यावर पेशींची संख्या न वाढताही कोलॅजेनची निर्मिती वाढली. सर्वाधिक परिणाम लिटरमागे मोलच्या एक अब्जांश भागाला दिसला. त्याची सुरुवात मात्र याहूनही शंभर ते हजार पट कमी संहतीला झाली होती. इतक्या अल्प मात्रेत कार्य करणारा पदार्थ पेशींसाठी संदेशवाहक असू शकतो. कोलॅजेनच्या एका साखळीत हीच तीन ॲमिनो आम्ले याच क्रमाने येतात. त्यामुळे जखम होताच तुटलेल्या कोलॅजेनमधून जीएचके सुटून दुरुस्तीचा इशारा देत असावे, असा तर्क याच संशोधकांनी मांडला. तो आकर्षक आहे. पण तर्कच आहे.

पुढे याच गटाने १९९३ मध्ये उंदरांच्या जखमांमध्ये संयोजी ऊतींची वाढ नोंदवली. भारतात चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतील संशोधकांनी जीएचके जोडलेल्या कोलॅजेनच्या जाळीचा उंदरांच्या जखमांवर अभ्यास केला. तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

मर्यादा

प्रयोगपात्रातील पेशीला पेप्टाइड थेट मिळते. अखंड त्वचेवर मात्र मृत पेशींचा बाहेरचा थर ओलांडावा लागतो, आणि जीएचके लहान असले तरी ते जलस्नेही व विद्युतभारित असल्याने हा स्निग्ध थर सहज पार करत नाही. माणसांवरील अभ्यास थोडे व लहान आहेत. लेझर उपचारानंतरच्या त्वचेवर केलेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अवघे १३ रुग्ण होते. त्यांचे समाधान वाढले, परंतु लालसरपणा कमी होण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. या विषयावरील अनेक आढावा-लेख स्वतः पिकार्ट यांचे असून ते अशा उत्पादनांच्या व्यवसायातही होते, हे वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

मात्रेचा प्रश्न : पुण्यातील संशोधन

पेप्टाइडाने बांधलेले तांबे निर्धोक असते, असे सरसकट विधान केले जाते. या संदर्भात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील शीला भावे व आनंद पंडित यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासह केलेले काम उद्बोधक आहे. लहान मुलांतील यकृत सूत्रण रोगात यकृतात तांब्याचा प्रचंड साठा आढळे. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यांत तापवलेले व ठेवलेले दूध हा त्याचा संभाव्य स्रोत असल्याचे त्यांनी १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. दुधातील केसीन हे प्रथिन तांबे घट्ट धरते. म्हणजे येथे प्रथिनाने बांधलेले तांबेच बाळाच्या पोटात जात होते. आनुवंशिक प्रवणतेचा वाटा किती, यावर मतभेद राहिले, तरी पितळेची जागा स्टीलने घेतल्यावर हा रोग दुर्मीळ झाला. तांबे बांधलेले असण्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व ते किती व कोठे पोहोचते याला आहे.

या रोगावर वापरले गेलेले पेनिसिलामाइन हे औषध शरीरातील तांबे काढून टाकते. ते दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या त्वचेतील लवचिक तंतूंत दोष निर्माण होऊ शकतात. मात्र हे औषध तंतूंच्या जोडणीत थेट अडथळाही आणते, त्यामुळे सारा दोष तांब्याच्या अभावाकडे जात नाही.

वापर

त्वचेवर लावण्याच्या प्रसाधनांत जीएचके-सीयू अत्यल्प प्रमाणात असते. भारतीय कायद्यात सौंदर्यप्रसाधन आणि औषध हे वेगळे वर्ग आहेत. रूप खुलवण्यासाठीच्या प्रसाधनाला औषधाप्रमाणे रुग्णांवरील चाचण्यांतून परिणामकारकता सिद्ध करावी लागत नाही.