तळीरामचा बाप फक्त तेहतीसचा होता!

दरवर्षी १ जानेवारीच्या पेपरात एक बातमी ठरलेली असते. 'तळीरामांवर पोलिसांची कारवाई'. हा तळीराम कोण, असं आपण कधी कुणाला विचारत नाही. विचारायला हवं. कारण ज्याच्या डोक्यातून तो निघाला, तो मराठीतला एक भन्नाट विनोदी माणूस होता. आणि तो गेला तेव्हा आपल्या ऑफिसातल्या एखाद्या टीम लीडरच्या वयाचा होता.

राम गणेश गडकरी. नाव ऐकलं की आपल्याला काय आठवतं? दहावीचं पुस्तक. ठाण्याच्या तलावपाळीवरचं गडकरी रंगायतन, म्हणजे 'पार्किंग मिळेल का रे?' फार तर पुतळ्याचा तो वाद. डोळ्यांसमोर येतो तो एक पगडीवाला, गंभीर, म्हातारासा माणूस.

आता हिशेब करा. जन्म मे १८८५, मृत्यू २३ जानेवारी १९१९. वय वर्षं तेहतीस! म्हणजे होम लोनचे पहिले काही हप्ते भरून होतात, घरचे लग्नावरून नाहीतर मुलांवरून डोकं खातात आणि 'आयुष्यात नेमकं करायचंय काय' हा प्रश्न रविवारी रात्री हमखास सतावतो, ते वय. त्या वयात हा माणूस चार पूर्ण नाटकं, सुमारे दीडशे कविता आणि विनोदी लेखांचा मोठा गठ्ठा ठेवून मोकळा झाला होता.

सीव्ही बघून कुणी घेतलं नसतं

गडकरींचं लहानपण गेलं गुजरातेत, नवसारीकडे. वडील लवकर गेले. पुढे शिक्षणासाठी पुणे, फर्ग्युसन कॉलेज, पण डिग्री काही पूर्ण झाली नाही. मग किर्लोस्कर नाटक मंडळीत कंपनीतल्या मुलांना शिकवण्याचं काम. मधल्या काळात शाळेत मास्तरकी, 'ज्ञानप्रकाश'मध्ये पत्रकारिता. आजच्या एचआरवाल्या बाईंनी हा सीव्ही बघितला असता, तर 'स्टेबिलिटी नाही' म्हणून बाजूलाच ठेवला असता.

पण हे सगळं चालू असताना माणूस लिहीत होता. तेही तीन-तीन नावांनी. नाटकं स्वतःच्या नावानं. कविता 'गोविंदाग्रज' या नावानं. धाकट्या भावाचं नाव गोविंद, म्हणून हा गोविंदाचा अग्रज, इतकं साधं! आणि विनोद 'बाळकराम' या नावानं.

हे बाळकराम म्हणजे धमाल प्रकरण आहे. त्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. मराठीत विनोदी लेखाला त्यांनीच नवं वळण दिलं होतं आणि शिष्यानं त्यात आपला मसाला घातला. ठकी नावाच्या मुलीसाठी स्थळ शोधायला बाळकराम, भांबूराव आणि तिंबूनाना हे त्रिकूट निघतं, ते एखाद्या लढाईवर निघाल्याच्या आवेशात! मॅट्रिमोनियल साइटवर प्रोफाइल टाकण्याआधी घरात जी युद्धपातळीवर तयारी चालते ना, ती आठवून हे लेख वाचा. शंभराहून जास्त वर्षं झाली, पण मुलाकडच्यांच्या अटी आणि मुलीकडच्यांची धावपळ यांत बदललंय काय? ठकीच्या लग्नावर आपण हसतो आणि हसता हसता ठकीचं कसं वाटतं, हा प्रश्न मात्र हळूच मागे उरतो.

गडकरींची हीच खासियत होती. आधी हसवायचं. माणूस सैलावला की मग बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवायचं.

तो एक कलीग

'प्रेमसंन्यास' हे त्यांचं पहिलं गाजलेलं नाटक. विषय विधवेच्या पुनर्विवाहाचा, म्हणजे त्या काळात घराघरांत आग लावणारा. त्यातच त्यांनी गोकुळ नावाचं एक पात्र घातलं. त्याला काही म्हणता काही लक्षात राहत नाही. डबा, चावी, मोबाइल रोज विसरणाऱ्या मित्राला आपण 'विसरभोळा गोकुळ' म्हणतो, तो हाच!

आणि मग 'एकच प्याला'. नाटक बघितलं नसलं तरी नाव माहीत नाही असा मराठी माणूस विरळा. गोष्ट एका हुशार, तरुण वकिलाची. सुधाकर. बायको सिंधू, दृष्ट लागावी असा संसार. एक दिवस कोर्टात भडका उडतो, अपमान होतो, सनद काही काळापुरती रद्द होते. थोडक्यात, कामावरचा अत्यंत वाईट दिवस. त्या वेळी समजूत घालायला शेजारी असतो तो त्याचा कारकून, तळीराम. गप्पिष्ट, हजरजबाबी. तो फार काही मागत नाही. फक्त एकच घ्या म्हणतो.

ओळखीचं वाटतंय? शुक्रवारी संध्याकाळी, अप्रेझलचा निकाल लागल्यावर, 'चल रे, एकच घेऊ' म्हणणारा कलीग प्रत्येक ऑफिसात असतो. तो वाईट नसतो. उलट सगळ्यांत मजेशीर तोच असतो! गडकरींना हे नेमकं कळलं होतं. दारूवरचं नाटक लिहिताना दुसऱ्या कुणी शिंगं-शेपटीवाला राक्षस उभा केला असता. यांनी उभा केला मंडळींना पोट धरून हसवणारा माणूस. त्याचं 'आर्यमदिरामंडळ' म्हणजे एखाद्या सार्वजनिक संस्थेच्या थाटात चाललेला पिणाऱ्यांचा अड्डा. प्रेक्षक खदाखदा हसतात आणि तोवर तिकडे सुधाकरचं घर ढासळत जातं. सिंधूवर जात्यावर दळण दळायची वेळ येते. शेवटाकडे थिएटरात कुणी हसत नाही. आपण इतका वेळ कुणाच्या बाजूनं हसत होतो, हे तेव्हा कळतं.

दाद ऐकायला तो नव्हता

फेब्रुवारी १९१९ मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं 'एकच प्याला' रंगमंचावर आणलं. बालगंधर्वांची सिंधू, गणपतराव बोडसांचा सुधाकर. नाटकानं इतिहास घडवला. पण लेखक जानेवारीतच गेला होता. त्यातली पदंसुद्धा विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहून दिली. ज्या तळीरामवर महाराष्ट्र पिढ्यान् पिढ्या हसला, त्या हसण्याचा आवाज गडकरींच्या कानी पडलाच नाही.

क्षयानं शरीर पोखरलं होतं. त्यावर तेव्हा औषध नव्हतं. मे १९१८ मध्ये मित्र बालकवी रेल्वेखाली सापडून गेले, अवघे सत्तावीस वर्षांचे. त्यानंतर आठ महिन्यांत नागपूरजवळच्या सावनेरला गडकरी गेले. आणि या शेवटच्या दिवसांत हा माणूस काय करत होता? विनोद! अगदी मरणाच्या थोडं आधी त्यांनी 'भावबंधन' पूर्ण केलं. शाब्दिक कोट्यांनी खच्चून भरलेलं, शेवट गोड होणारं नाटक. पुढे त्यातली लतिका मास्टर दीनानाथांनी गाजवली. आपल्याला साधा ताप आला की 'सिक लीव्ह'चा मेल टाकताना जीव जातो. इथे खोकल्याची उबळ सावरत एक माणूस अनोळखी प्रेक्षकांसाठी कोट्या जुळवत बसला होता. त्याला 'शूर' म्हणायचं की 'वेडा', तुम्हीच ठरवा. मला वाटतं, काम अर्धवट टाकून जायचं नाही, एवढंच त्याच्या मनात असावं.

तरी काही अर्धवट राहिलंच. 'राजसंन्यास' त्यातलंच. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकरींचा पुतळा रात्रीतून उखडून मुठा नदीत टाकला गेला, तो या नाटकातल्या संभाजी महाराजांच्या चित्रणावरून. वाद जोरात झाला. दोन्ही बाजूंनी बोलण्याइतकं बरंच काही होतं. पण खरं सांगायचं तर त्या दिवसापर्यंत माझ्याकडून गडकरींचं एक पानही स्वतःहून वाचलं गेलं नव्हतं. पुतळ्याची बातमी वाचून 'एकच प्याला' उघडलं आणि रात्री दोन वाजेपर्यंत खाली ठेवता आलं नाही.

या वीकएंडला एवढं करा

गडकरींच्या पुस्तकांचे हक्क केव्हाच संपलेत. इंटरनेटवर ती फुकट वाचायला मिळतात. पहिली पाच-सात पानं जड जातील. वाक्यं लांबलचक आहेत, भाषा जुनी आहे. त्यावर एक युक्ती: मोठ्यानं वाचा. ती बोलण्यासाठीच लिहिलेली आहेत. दोन-चार मित्र गोळा करून पात्रं वाटून घेतलीत तर अजून मजा. तळीराम कुणाला द्यायचा यावर भांडण होईल बघा. आपल्या ग्रुपमधल्या सगळ्यांत विनोदी माणसालाच तो मिळेल.

मिळू दे. फक्त वाचून झाल्यावर त्याची एकदा चौकशी करा, 'बरा आहेस ना रे?' म्हणून. सगळ्यांना हसवणाऱ्या माणसाला हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.