पाण्याने सोडवलेली समीकरणं

२९ नोव्हेंबर १९४९. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये लायनेल रॉबिन्स यांच्या चर्चासत्राला त्या दिवशी बरेच जण केवळ गंमत बघायला आले होते. समाजशास्त्राची पदवी जेमतेम मिळवलेला बिल फिलिप्स नावाचा एक न्यूझीलंडर नळ्या-टाक्यांचं काहीतरी खटलं मांडणार होता, आणि त्यातून म्हणे देशाची अर्थव्यवस्था वाहताना दिसणार होती.

फिलिप्स मुळात विजेचा इंजिनिअर. ऑस्ट्रेलियात मगरींची शिकार करून झालेली, युद्धात जपान्यांचा कैदी म्हणून जावाच्या छावणीत काही वर्षं काढून झालेली. तिथेही पठ्ठ्याने चोरून रेडिओ जोडला होता. अशा माणसाला अर्थशास्त्राच्या पुस्तकातले बाण आणि चौकटी दिसल्या की त्यांची जोडणी करावीशी वाटणारच. क्रॉयडनमधल्या एका गॅरेजात, लीड्स विद्यापीठातला मित्र वॉल्टर न्यूलिन याच्या मदतीने, युद्धातून उरलेलं सामान आणि पारदर्शक प्लास्टिक वापरून त्याने ती केली.

यंत्र सुमारे सात फूट उंच. पंपाने वर चढवलेलं रंगीत पाणी उभ्या नळकांड्यातून खाली येतं, ते देशाचं उत्पन्न. वाटेत काही पाणी कर म्हणून सरकारकडे वळतं, काही बचतीकडे जातं; उरतो तो लोकांचा खर्च. पुढे सरकारी खर्चाची आणि गुंतवणुकीची धार मूळ प्रवाहाला येऊन मिळते, आयातीची बाहेर जाते, निर्यातीची आत येते. सगळं तळाच्या टाकीत जमतं आणि पुन्हा वर चढतं.

खरी करामत झडपांमध्ये आहे. उत्पन्न वाढलं की लोक त्यातलं किती खर्च करतात, याचा आलेख पुस्तकात रेघ म्हणून छापलेला असतो. फिलिप्सने तसे आलेख प्लास्टिकच्या पट्ट्यांत खाचा म्हणून कापले. पाण्यावरचा तरंगता फ्लोट हलला की दोरी ओढली जाते, कप्पी फिरते आणि खाचेच्या आकारानुसार झडप कमीजास्त उघडते. लोकांचा स्वभाव बदलून बघायचाय? पट्टी बदला.

समजा, लोक हाती आलेल्या दर १०० पौंडांतले ७५ खर्च करतात आणि २५ बाजूला पडतात. आता गुंतवणुकीची धार १०० पौंडांनी वाढवली, तर एकाचा खर्च दुसऱ्याचं उत्पन्न होत होत १००, ७५, ५६.२५ अशी साखळी सुरू होते. बेरीज ४००. कागदावर ही न संपणारी श्रेणी एका ओळीत उरकते. यंत्रात मात्र ती घडताना दिसते: उत्पन्न आधी भराभर चढतं, मग रेंगाळत, आणि बाजूला गळणारं पाणी नव्याने आलेल्या १०० इतकं झालं की थांबतं. ४०० चा चौथा हिस्सा! बेरीज कुणीच केलेली नसते. यंत्राला वर जोडलेल्या कागदावर पेन मात्र सगळा प्रवास रेखाटून ठेवतं.

असं का व्हावं? टाकीत येणारं पाणी वजा जाणारं पाणी, यावर पातळी किती वेगाने बदलेल ते ठरतं. देशात फिरणाऱ्या पैशाचं समीकरणही असंच लिहिता येतं. अशी अनेक डिफरन्शियल इक्वेशन्स एकमेकांत अडकली की हाताने सोडवताना घाम फुटतो, आणि संगणक तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. पाणी ती सगळी एकदम सोडवतं, तेही नुसतं खाली वाहून.

एक जुना वादही इथे मजेशीर सुटला. व्याजदर कशाने ठरतो? केन्स म्हणत, लोक किती पैसा रोख धरून ठेवू पाहतात त्यावर. डेनिस रॉबर्टसन म्हणत, कर्जाऊ पैशाच्या मागणी-पुरवठ्यावर. यंत्रात पहिल्याचं बोट बचत साठते त्या टाकीतल्या पातळीवर, दुसऱ्याचं तिच्यात येणाऱ्या-जाणाऱ्या धारांवर. टाकी एकच! इतकी शाई खर्च होण्याआधी हे कुणाला तरी दिसायला हवं होतं, असं राहून राहून वाटतं.

पुढे नोबेल मिळालेले जेम्स मीड या यंत्रावर बेहद्द खूश होते. ते विद्यार्थ्यांना भूमिका वाटून द्यायचे: एकाच्या हाती कर आणि सरकारी खर्च, दुसऱ्याच्या हाती बँकेचा व्याजदर. दोघंही भल्यासाठीच झडपा फिरवत, पण परिणाम उशिरा दिसत असल्याने जरा जास्तच फिरवत, आणि पाणी हेलकावे खाऊ लागे. फिलिप्सने १९५४ च्या शोधनिबंधात हेच गणिताने मांडलं: सरकारचा उपाय उशिरा पोचला, तर चढउतार शमण्याऐवजी वाढूही शकतात.

अशी डझनभर यंत्रं बनली. एक लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे, केंब्रिजचं आणि वेलिंग्टनचं दुरुस्त करून पुन्हा चालतं केलेलं आहे. फिलिप्सचं नाव मात्र टिकलं ते १९५८ च्या वक्ररेषेमुळे, बेकारी कमी तर मजुरीची वाढ जास्त हे दाखवणारी. १९७० च्या दशकात महागाई आणि बेकारी एकदमच वाढल्यावर त्या रेषेवर विसंबणं अवघड झालं. रॉबर्ट ल्यूकस यांनी १९७६ मध्ये बोट ठेवलं ते लोकांच्या अंदाजांवर: धोरण बदललं की लोक आपलं वागणंही बदलतात. तेव्हापासून मॉडेलमध्ये उद्याची अपेक्षा आजच्या समीकरणात बसवली जाते. ते फिलिप्सच्या टाक्यांना जमलं नसतं. आजची झडप किती उघडायची हे त्यासाठी पाण्याच्या उद्याच्या पातळीवरून ठरवावं लागलं असतं.