कारहार्टची खाच

आज ऑस्ट्रेलियातल्या ऑडिओलॉजीच्या, म्हणजे श्रवणशास्त्राच्या, अभ्यासक्रमांबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. पण पुण्यात बीएएसएलपीची (श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांतली पदवी) इंटर्नशिप करणाऱ्या एका वाचक मुलीचं पत्र आलं आणि ऑस्ट्रेलिया पुढच्या आठवड्यावर गेला. ती विचारते, अमेरिकेत एयूडी (डॉक्टर ऑफ ऑडिओलॉजी) झाल्यावर पीएचडी करावीच लागते का?

नाही लागत. त्या काही एकाच जिन्याच्या पायऱ्या नाहीत. एयूडी ही रुग्ण तपासणाऱ्याची डॉक्टरेट. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनने १९९४ मध्ये ती सुरू केली; तोवर तिथेही मास्टर्सवर काम भागत होतं. आता पदवीनंतर साधारण चार वर्षं लागतात आणि शेवटचं वर्ष बहुतेक सगळं क्लिनिकमध्येच जातं. पीएचडी संशोधनाची. दोन्ही एकत्र देणारी विद्यापीठंही आहेत, वर्षं मात्र वाढतात. आपल्याकडे प्रॅक्टिससाठी डॉक्टरेटची अट नाही.

पण यातली कोणती आपली, हे कसं ओळखायचं? त्यासाठी मला अमेरिकन ऑडिओलॉजिस्ट रेमंड कारहार्ट आठवतात. दुसऱ्या महायुद्धात ऐकू येईनासं झालेल्या सैनिकांसाठी पेनसिल्व्हेनियातल्या डेशॉन लष्करी रुग्णालयात त्यांनी काम केलं, पुढे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ऑडिओलॉजी हा विषय उभा केला.

त्यांच्या नावाने ओळखली जाणारी एक खूण आधी बघू. ओटोस्क्लेरोसिस या आजारात मधल्या कानातलं स्टेपीस हे चिमुकलं हाड जागेवरच जखडतं. हेडफोनमधून दिलेला आवाज पुढे नीट पोचत नाही. कानामागच्या हाडावर व्हायब्रेटर ठेवला तर आवाज थेट आतल्या कानात जायला हवा. म्हणजे तो कान शाबूत असेल तर ऑडिओग्रामवरची (श्रवणाच्या आलेखावरची) हाडाची रेघ चांगली यायला हवी. येतेही, पण २००० हर्ट्झच्या आसपास ती पंधरा-एक डेसिबलनी खाली जाते. ही कारहार्टची खाच. नवख्याला वाटतं, नस खराब झाली. प्रत्यक्षात ऑपरेशन यशस्वी झालं की बऱ्याचदा खाच भरून येते! कारण व्हायब्रेटरने कवटी हलते तेव्हा मधल्या कानातली हाडंही हलतात आणि नेमकी त्याच पट्ट्यात ऐकण्याला हातभार लावतात. स्टेपीस जखडलं की तो हातभार जातो. आतल्या कानाचं काही बिघडलेलंच नसतं.

कारहार्टनी हे १९५० मध्ये मांडलं. खाच ओळखून रुग्णाला नीट समजावणं, शस्त्रक्रियेसाठी योग्य सर्जनकडे पाठवणं, नंतर पुन्हा तपासून पाहणं, यात ज्याचं मन रमतं त्याने बिनधास्त एयूडी करावी. तीच खाच दहा रुग्णांत दिसल्यावर ‘नेमकी इथेच का?’ हा प्रश्न ज्याला झोपू देत नाही, त्याने पीएचडीला जावं. पहिल्या कामाला दुय्यम समजणारे लोक भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. चुकीच्या तपासणीवर बेतलेलं श्रवणयंत्र पेटीत पडून राहतं, हे मी फार वेळा पाहिलंय.

पैशाचं गणित मात्र वेगळं आहे. पीएचडीला बहुधा असिस्टंटशिप मिळते आणि फी माफ होते. एयूडीचा बराचसा खर्च स्वतःलाच करावा लागतो. म्हणून विद्यापीठांना लिहिशील तेव्हा पहिल्याच ईमेलमध्ये विचार : चौथ्या वर्षाची फी किती, त्या वर्षी स्टायपेंड मिळतो का, आणि क्लिनिकमधली जागा विद्यापीठ मिळवून देतं की आपली आपण शोधायची?